गार्ड वाकायला हवा होता

बुलेटला पुढचा गार्ड बसवायचा म्हणजे दोन पाने, चार नट आणि चहा येईपर्यंतचे काम, असे बहुतेकांना वाटते. मलाही तसेच वाटत होते. माझ्या १९७० सालच्या बुलेटला मी तो बसवला आणि त्या गार्डपायी चेसिसचा पुढचा पाइप बदलण्याची पाळी आली. गाडीला कोणी ठोकले नाही, मिस्त्रीने हलगर्जी केली नाही, बाजारातून नकली माल आला नाही. जे झाले ते माझ्या डोक्यातून निघाले आणि मीच पैसे मोजून करून घेतले. ते क्रमाने लिहून ठेवतो. जुनी गाडी बाळगणाऱ्या कोणाला तरी उपयोग होईल.

आधी ओळख सांगतो, म्हणजे गाढवपणाची खोली कळेल. मी राहतो पालघरला आणि नोकरीला आहे बोईसरच्या तारापूर एमआयडीसीत, एका कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात. पंप बसवणे, मोटर जोडणे, शाफ्ट एका रेषेत आणणे हेच माझे रोजचे काम. नव्याने आलेल्या पोरांना पहिल्या आठवड्यात मी एक गोष्ट शिकवतो. पाइपलाइनचा फ्लँज पंपाच्या फ्लँजसमोर आपणहून यायला हवा. येत नसेल तर पाइप कापा, नवा तुकडा घाला, पण साखळी लावून ओढून बोल्ट मारू नका. ओढून जोडलेला पाइप पंपाला रात्रंदिवस ओढतच राहतो. मग बेअरिंग जाते, सील गळते आणि एक दिवस पंपाचे बीडच तडकते. हे मी इतक्यांदा सांगितले आहे की पोरे माझी नक्कल करतात. तोच मी घरच्या गाडीला नेमके हेच केले.

ही गाडी डहाणूकडच्या एका चिकूवाल्या बागायतदाराकडून घेतली. कास्ट आयर्नच्या इंजिनची ३५० बुलेट, उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक. ज्यांना हा सांगाडा माहीत नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. या बुलेटची चेसिस खालून अखंड नसते. हँडलच्या मुळापासून एकच पाइप खाली येतो आणि इंजिनच्या पुढ्यात संपतो. तिथे दोन प्लेटा आणि आरपार स्टड यांनी तो इंजिनला बांधलेला असतो. मागच्या बाजूलाही तसेच. मधली जागा इंजिन स्वतः भरून काढते. म्हणजे इंजिन हा चेसिसचाच एक तुकडा आहे. लेग गार्ड बसतो तो नेमका या पुढच्या जोडावर. खालचे पाय इंजिनच्या पुढच्या स्टडवर आणि वरचा क्लॅम्प त्या एकट्या पाइपवर. गाडीचा सगळ्यात नाजूक सांधा आणि गार्डचा आधार एकाच ठिकाणी येतात.

गार्ड लावायचे कारण घरातले होते. उमरोळीवरून बोईसरला जाणारा रस्ता म्हणजे सहा आसनी रिक्षा, कंपन्यांच्या बस, मध्येच आडवी येणारी कुत्री आणि पावसाळ्यात डांबराच्या नावाखाली उरलेली खडी. हायवेच्या चिल्हार फाट्यावरून बोईसरकडे येताना तर टँकर आणि ट्रेलर यांच्यामधूनच वाट काढावी लागते. "गार्ड लावल्याशिवाय ती गाडी त्या रस्त्याला न्यायची नाही," असे बायकोने बजावले. गार्ड असला की पाय वाचतो, हे आम्हा दोघांनाही गृहीतच होते.

पहिली चूक इथेच झाली. गार्ड नक्की काय वाचवतो हे मी विचारले नाही. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनी लॉस एंजलिस भागातल्या ९०० मोटरसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला होता. त्याचा अहवाल १९८१ साली आला. त्यात गार्डबद्दलचा निष्कर्ष स्पष्ट आहे. घोटा आणि पाऊल यांच्या जखमा गार्डमुळे कमी होतात, पण गुडघा, नडगी आणि मांडी यांच्या जखमा तेवढ्याच वाढतात. एकूण हिशेबात जखमा टाळण्याचे साधन म्हणून गार्ड उपयोगी नाही. हे मी वाचले ते गार्ड काढून ठेवल्यावर. गार्ड वाचवतो ती गाडी: टाकीला पडणारा पोचा, वाकणारा फूटरेस्ट, इंजिनच्या कव्हरला जाणारा तडा. तेही उभी गाडी आडवी झाली किंवा हळू वेगात घसरली तर. टँकरने धडक दिली तर गार्ड पायाच्या बाजूचा की विरुद्ध बाजूचा, हे धडकेची दिशा ठरवते.

हे माहीत नसल्यामुळे दुसरी चूक ओघानेच आली. पाय वाचवायचा तर पाइप जाड हवा, असे मी ठरवले. बाजारात मिळणारे गार्ड साधारण २५ मिलिमीटर जाडीच्या आणि २ मिलिमीटर भिंतीच्या पाइपचे होते. हातात धरून मला ते पापडासारखे वाटले. बोईसरला फॅब्रिकेशनची दुकाने पुष्कळ. त्यातल्या एकाकडे गेलो आणि ३२ मिलिमीटरचा, ३ मिलिमीटर भिंतीचा पाइप वाकवून मागितला. दुकानदाराने पाइप हातात घेऊन तोलला आणि म्हणाला, "शेठ, हा रेल्वेच्या फाटकाला चालेल." मी हसलो आणि म्हटले, हाच घे.

हिशेब साधा होता, पण मी तो केला नव्हता. बाजारातला पाइप मीटरला सव्वा किलोच्या आत भरतो, माझा दोन किलोंच्या वर. वाकायला तो जवळजवळ तिप्पट कठीण. कारखान्यात आम्ही मोटर आणि पंप यांच्या कपलिंगमध्ये रबर घालतो, शिअर पिन घालतो, ती एवढ्यासाठीच की झटका आला तर शंभर रुपयांची वस्तू तुटावी आणि लाखाची वाचावी. गार्डचेही तेच. पडल्यावर त्याने वाकावे आणि झटका स्वतःमध्ये जिरवावा. जो गार्ड वाकतच नाही तो सगळा झटका पुढच्या सांध्यात नेऊन सोडतो, आणि तिथला पाइप पन्नास वर्षांचा आहे.

तिसरी चूक धातूची. तारापूर एमआयडीसीत नोकरी करून लोखंडाचा गार्ड लावायचा हे मनाला पटेना. चिंचणीच्या बाजूची खारी हवा आणि वरून कारखान्यांचा धूर यात क्रोमचा गार्ड एका पावसाळ्यात गंज धरतो. म्हणून स्टेनलेस घ्यायचे ठरले. किल्ल्यांना अडकवलेले लोहचुंबक मी खिशातून काढले, पाइपला लावून पाहिले, चिकटले नाही. झाले, ३०४ ग्रेडचे स्टेनलेस आहे! ही चाचणी आपल्याकडे सगळेच करतात आणि ती निरुपयोगी आहे. ३०४ ला चुंबक चिकटत नाही, तसे २०२ ग्रेडलाही चिकटत नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. २०२ मध्ये निकेल कमी करून त्या जागी मँगनीज घातलेले असते, म्हणून ते स्वस्त आणि समुद्राकाठी लवकर डागाळणारे. फरक ओळखायला रसायनाचा थेंब आणि लहान बॅटरी लावून मँगनीज दाखवणारी साधी चाचणी आहे. भंगाराचे व्यापारीही ती करतात. मी ज्या इस्टेटमध्ये रोज जातो तिथे स्टेनलेसचे बार आणि वायर बनवणारे मोठे कारखाने आहेत. अस्सल मालाची खात्री करायला मला लांब जावे लागले नसते.

पावसाळा संपेपर्यंत वेल्डच्या आजूबाजूला चहाच्या रंगाचे डाग आले. त्यातला अर्धा दोष २०२ चा आणि अर्धा माझा. स्टेनलेसला वेल्डिंग केल्यावर जी निळी-सोनेरी झाक येते ती पिकलिंग पेस्ट लावून धुवून काढायची असते, नाहीतर तिथूनच गंज सुरू होतो. मला ती झाक छान दिसत होती म्हणून मी तशीच ठेवली. पाइपची टोके बंद करून घेतली, पण खालच्या बाजूला पाणी निघायला भोक ठेवले नाही. आतले पाणी आतच राहिले.

आता खरा अपराध. एवढा जड गार्ड वरच्या क्लॅम्पवर टिकेना. क्लॅम्प पाइपवरून घसरायचा, खाली रंग खरवडायचा. त्यावर उपाय म्हणजे गार्ड हलका करणे. मी काय केले, तर चेसिसच्या पाइपलाच एक पट्टी वेल्ड करून घेतली आणि गार्ड तिला बोल्टने बांधला. दुकानदार म्हणाला होता, "चेसिसला नको शेठ, क्लॅम्पखाली रबर घालू." मी म्हटले, रबर कुजते. पातळ भिंतीच्या जुन्या पाइपवर भरपूर तापवून वेल्ड मारला की वेल्डच्या कडेला धातूचा पोत बदलतो, आणि एक सिलिंडरच्या इंजिनाची रोजची थरथर तडा शोधायला बरोबर तिथेच जाते. हे मला पाठ होते, कारण आमच्या कारखान्यातले कंपनाने तुटलेले ब्रॅकेट मी रोज पाहतो.

खालच्या स्टडची गोष्ट तर लाज वाटावी अशी. जुन्या बुलेटवर ब्रिटिश मापाचे आटे असतात. माझ्या गाडीवरचा पुढचा स्टड तीन अष्टमांश इंचाचा, इंचात वीस आट्यांचा होता. गार्डचा कान मध्ये आल्यामुळे जुना नट पुरेना, म्हणून कपाटातला १० मिलिमीटरचा बारीक आट्यांचा नट चढवून पाहिला. सव्वा मिलिमीटरच्या अंतराचे आटे. इंचात वीस म्हणजे १.२७ मिलिमीटर. इतके जवळ की नट हाताने सरसर फिरत गेला आणि मला वाटले जमले. पण स्टडचा व्यास साडेनऊ मिलिमीटर आणि नट दहाचा. म्हणजे आटे एकमेकांना फक्त टोकांनी धरून होते. पान्याने आवळताना नट कडक लागला आणि मग थोडा मऊ पडला. ज्याने कधी नट आवळला आहे त्याला तो मऊपणा कळतो. आटे मरायला लागले की हाताला तसे लागते. मी तिथेच थांबलो, स्प्रिंग वायसर आहे ना, असे म्हणून.

शेवटची चूक सगळ्यांचा कळस. तयार गार्ड गाडीला लावला तेव्हा डाव्या बाजूची भोके जुळली, उजवी जुळली नाही. मी सळई घातली, जोर लावून गार्ड आत ढकलला, बोल्ट सरकवला आणि आवळला. पोरांना साखळी लावू नका म्हणणारा मी. घरी चप्पल घालून गिअर टाकून पाहिला, सगळे ठीक. दुसऱ्या दिवशी कामावर निघालो आणि सेफ्टी शूजचे टोक गिअरच्या लिव्हर आणि गार्ड यांच्यात अडकले. तेव्हा तरी गार्ड उतरवायला हवा होता. मी लिव्हर थोडी वर फिरवून घेतली.

पुढचे अगदी किरकोळ होते. चिंचणीला समुद्राजवळ गाडी वळवताना पुढचे चाक वाळूत रुतले आणि गाडी उजवीकडे झोपली. वेग नव्हताच. गार्डला साधा ओरखडा. पाय सुखरूप. घरी येऊन मी बढाई मारली की बघ, गार्डने गाडी वाचवली.

काही आठवड्यांनी हात सोडला की गाडी एका बाजूला ओढते असे जाणवू लागले. टायरवर ढकलले, हवा तपासली. मग एका रविवारी धुताना वेल्ड केलेल्या पट्टीच्या खालच्या कडेला रंगावर केसाएवढी तांबूस रेघ दिसली. नखाने खरवडली तर रंगाचा पापुद्रा उडाला आणि रेघ तशीच राहिली. धातूतला तडा पाणी पितो आणि गंज बाहेर ओकतो, म्हणून ती तांबडी.

गाडी पालघरच्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी आधी दोरी लावली. या बुलेटची दोन्ही चाके १९ इंची आणि टायर एकाच रुंदीचे, त्यामुळे मागच्या चाकापासून पुढे ताणलेली दोरी चारही ठिकाणी टायरला टेकायला हवी. दोरी वर धरली तेव्हा पुढच्या चाकाला टेकली, खाली धरली तेव्हा टेकली नाही. चेसिसला पीळ पडला होता. मग त्यांनी गार्ड काढायला घेतला. उजवीकडचा शेवटचा बोल्ट निघाला तसा गार्ड टण्‌ आवाज करून बाहेर उडाला. त्यांनी तो परत जागेवर धरून मला दाखवला. भोक आणि बोल्टची जागा यांच्यात करंगळी जाईल एवढे अंतर. "हा बसवलेला नव्हता साहेब, बांधून ठेवलेला होता," एवढेच ते म्हणाले. पडण्याआधीच कित्येक दिवस हा गार्ड चेसिसला ओढत होता. वाळूतले पडणे हे फक्त निमित्त.

इंजिन उतरवावे लागले, तडकलेला पाइप कापून नवा घालावा लागला, पुढच्या प्लेटांची भोके लांबट झाली होती ती भरून पुन्हा पाडावी लागली. या दुरुस्तीच्या खर्चात असे चार गार्ड आले असते असे म्हणायची सोय नाही, कारण खर्च त्याहून कितीतरी वर गेला. शिवाय पैशात न मोजता येणारे नुकसान वेगळेच. १५ जुलै २०२१च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली दुचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो आणि आधी नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नसावा. माझी गाडी वयाने पात्र आहे. चेसिसमध्ये मात्र मी वेल्ड मारून, कापून, नवा पाइप घालून ठेवला आहे. अर्ज मी अजून भरलेला नाही, आणि भरताना काय लिहायचे हा प्रश्न आहे. कोणालाही खोटे सांगायचे नाही हे मात्र ठरले आहे.

मिस्त्रींनी नवा गार्ड कसा बसवला ते लिहितो, कारण चुका सांगून मोकळे होण्यात अर्थ नाही. गाडी मधल्या स्टँडवर घेतली. इंजिनखाली लाकडाचा ठोकळा ठेवून त्याला जॅकने नुसता हात दिला, म्हणजे पुढचा स्टड निघाल्यावर इंजिन लोंबत नाही. एका वेळी एकच स्टड काढला. गार्डच्या कानाची जाडी मोजून तेवढा लांब स्टड लेथवर त्याच मापाच्या आट्यांचा करून घेतला. नट पूर्ण चढल्यावर स्टडचे दोन आटे बाहेर दिसतील एवढा. गार्ड बाजारातला, २५ मिलिमीटरचा, हलका. वरचा क्लॅम्प दोन तुकड्यांचा, आत सायकलच्या ट्यूबची पट्टी. सगळे बोल्ट आधी बोटांनी लावले. कान आणि प्लेट यांच्यामध्ये जिथे फट होती तिथे गार्ड ओढला नाही, फटीएवढे वायसर घातले. मग इंजिनापासून सुरुवात करून वरपर्यंत आवळत गेले. हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवून क्लच आणि एक्सिलेटरची केबल कुठे दबत नाही ना ते पाहिले. मग मला सेफ्टी शूज घालायला लावून चारही गिअर टाकायला सांगितले. थोडे दिवस चालवून झाल्यावर सगळे नट पुन्हा तपासायला बोलावले.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने वाहनांवरच्या अनधिकृत क्रॅश गार्ड आणि बुल बारविरुद्ध कारवाईसाठी राज्यांना कळवले होते, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा आधार देऊन. फाटकाचा पाइप पुढे लावून फिरणाऱ्याने आपली बाजू कशी मांडायची हे आधी ठरवलेले बरे.

तुमच्याकडे जुनी बुलेट, जावा किंवा राजदूत असेल आणि गार्ड लावायचा विचार असेल, तर तो गाडीसाठी लावा, पायासाठी बूट घाला आणि वेग कमी ठेवा. बाजारातला सगळ्यात जाड गार्ड घेऊ नका. चेसिसला वेल्डिंगची कांडी लावू देऊ नका, मग दुकानदार कितीही ओळखीचा असो आणि तुम्ही स्वतः कितीही मोठे मेंटेनन्सवाले असा. आणि बोल्ट भोकात आपणहून गेला नाही तर पान्याला हात न लावता आधी भोक का चुकले ते शोधा.